टोकियोची लोकल नंबरावरून ओळखायची कशी

टोकियोत नवा आलेला माणूस लोकल रंगावरून ओळखतो. हिरवी ती यामानोते, केशरी ती चुओ, आकाशी ती केइहिन-तोहोकु. चुकीच्या गाडीत न चढण्यापुरते हे पुरते. पण हा रंग मार्गाचा असतो, गाडीचा नसतो. यामानोतेवर १९६३ साली १०३ सिरीजच्या गाड्या हिरव्या रंगात आल्या. त्याच हिरव्याखाली पुढे २०५ आल्या, मग ई२३१, आणि आता ई२३५. चार पिढ्या बदलल्या, रंग तोच राहिला.

मुंबईत आपण लोकल बनवणाऱ्याच्या नावाने ओळखतो: सीमेन्स आली, बम्बार्डियर आली. टोकियोत ओळख सिरीजच्या नंबराने होते, आणि तो नंबर प्रत्येक डब्यावर लिहिलेला असतो. तो वाचता आला की गाडी विजेच्या कोणत्या प्रकारावर चालते, डब्याखाली मोटर आहे का, गाडी कोणत्या काळातली आहे हे फलाटावर उभ्या उभ्या कळते. गोंगाट नको असेल तर कोणत्या डब्यात बसावे हेसुद्धा. जपानी येत नसले तरी चालते, पाच अक्षरे पुरतात.

पुढचे सगळे मुख्यतः जेआर ईस्ट या कंपनीच्या टोकियो परिसरातल्या लोकलबद्दल आहे. खासगी रेल्वे आणि मेट्रो आपापल्या पद्धतीने नंबर देतात, तिथे हे गणित लागू पडत नाही.

आधी नंबर कुठे असतो ते पाहा

बाहेरून तो डब्याच्या अंगावर, खिडक्यांच्या पातळीच्या खाली असतो. पण यामानोतेच्या फलाटांवर आता कमरेएवढी सरकती दारे बसवली आहेत, त्यांच्या मागे तो झाकला जातो. म्हणून आत शिरा आणि डब्याच्या टोकाला, पुढच्या डब्यात जायच्या दाराच्या वर पाहा. तिथे छोट्या पाटीवर नंबर सापडेल. आसपासच कारखान्याचे नाव आणि बांधणीचे वर्ष सांगणारी दुसरी पाटी असते. ती आवर्जून पाहा, पुढे यामानोतेच्या दहाव्या डब्यात ती कामाला येणार आहे.

एक घोटाळा टाळा. दारावर चिकटवलेला ‘५’ किंवा ‘८’ हा रेकमधला डब्याचा क्रमांक असतो. फलाटावरही डब्याचा आणि दाराचा क्रमांक रंगवलेला असतो, त्यामुळे ‘पाचव्या डब्याचे दुसरे दार’ असे ठरवून भेटता येते. सिरीजचा नंबर वेगळा. त्यात आधी जपानी अक्षरे, मग आकडे, मग एक आडवी रेघ आणि पुन्हा आकडे असतात.

पाच अक्षरे

कु: इंग्रजी सातच्या (7) आकड्याला डावीकडून एक तिरकी रेघ जोडलेली. या डब्यात मोटरमनची केबिन आहे, पण चाकांना मोटर नाही.

मो: दोन आडव्या रेघा आणि त्यांच्यामधून खाली उतरून उजवीकडे वळणारी एक उभी. मोटर असलेला डबा, आपल्याकडचा मोटरकोच. ‘कु’ आणि ‘मो’ लागोपाठ दिसले तर केबिनही आहे आणि मोटरही.

सा: एक आडवी रेघ आणि तिला छेदणाऱ्या दोन उभ्या, त्यातली उजवी लांब. केबिन नाही, मोटर नाही. नुसता ओढला जाणारा डबा.

हा: दोन तिरक्या रेघा, खाली फाकलेल्या, वर एकमेकींना न भिडणाऱ्या. साधा वर्ग.

रो: रिकामा चौकोन. ग्रीन कार, म्हणजे जास्त पैशांचा वर्ग.

‘हा’ आणि ‘रो’ या अक्षरांमागे जुनी तीन वर्गांची पद्धत आहे. जपानी वर्णमालेच्या जुन्या क्रमात इ, रो, हा अशी अक्षरे येतात. पहिला वर्ग ‘इ’, दुसरा ‘रो’, तिसरा ‘हा’. वर्ग कधीच गेले, अक्षरे मागे राहिली. त्यामुळे टोकियोच्या लोकलमध्ये उभा असलेला प्रत्येक माणूस कागदोपत्री अजून थर्ड क्लासनेच प्रवास करतो असे म्हणायला हरकत नाही.

‘सारो’ दिसले तर जपून. हे दुमजली डबे चुओच्या जलद गाड्यांत आणि तोकाइदो, योकोसुका अशा लांब पल्ल्याच्या लोकलमध्ये चौथ्या आणि पाचव्या जागी असतात. चुओवर त्यांची रीतसर सेवा मार्च २०२५ मध्ये सुरू झाली. त्यांचे वेगळे तिकीट आधी काढायचे. प्रवासाच्या स्मार्टकार्डावर काढले असेल तर आसनावरच्या छताला कार्ड टेकवायचे, म्हणजे लाल दिव्याचा हिरवा होतो. लाल दिव्याखाली बसलेल्या माणसाकडे गाडीतली कर्मचारी येऊन अगदी नम्रपणे पैसे मागते.

आकडे काय सांगतात

ई२३५ घ्या. सुरुवातीचा ई म्हणजे ईस्ट. १९८७ च्या एप्रिलमध्ये जपानी राष्ट्रीय रेल्वेची विभागणी होऊन प्रादेशिक कंपन्या झाल्या. त्यानंतर काही वर्षांनी जेआर ईस्टने आपल्या नव्या गाड्यांना हे अक्षर लावायला सुरुवात केली. ई नसेल तर गाडी त्याआधीची किंवा दुसऱ्या कंपनीची.

शेकड्याचा आकडा विजेबद्दल आहे. १, २, ३ म्हणजे डीसी, ४ आणि ५ म्हणजे दोन्हींवर चालणारी, ७ आणि ८ म्हणजे एसी. टोकियोच्या जेआर लोकल १५०० व्होल्ट डीसीवर धावतात, म्हणून तिथे बहुतेक सगळीकडे २ दिसतो. अपवाद जोबान मार्गाचा, आणि त्याचे कारण मोठे मजेदार आहे. इबाराकी प्रांतात काकिओका इथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप करणारी वेधशाळा आहे. डीसी रेल्वेचा जमिनीत झिरपणारा प्रवाह तिच्या नोंदी बिघडवतो. म्हणून तोरिदे स्टेशनच्या पुढे तारांमध्ये एसी आहे आणि त्यापलीकडे जाणाऱ्या लोकलला दोन्ही पचवावे लागतात. त्या गाडीचा नंबर ई५३१. एका वेधशाळेमुळे शेकड्याचा आकडा बदलला. मुंबईकरांनी दोन्ही विजांवर चालणारे रेक पाहिलेले आहेत. १५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर जाताना आपल्याकडे काही वर्षे तेच धावत होते. आपल्याकडे ती तात्पुरती सोय होती, जोबानवर ती कायमची आहे.

दशकाचा आकडा गाडीच्या कामाचा. राष्ट्रीय रेल्वेच्या काळात ० म्हणजे शहरातली गर्दी वाहणारी लोकल आणि १ म्हणजे उपनगरांत दूरवर जाणारी. म्हणून १०३, २०१, २०५ या शहरी, तर ११३, २११ या उपनगरी. २००० साली आलेल्या ई२३१ ने हा भेद मोडला. एकच मूळ आराखडा दोन्ही कामांना वापरायचा ठरला आणि दशकाच्या जागी ३ आला. दशकाच्या जागी ५ ते ८ दिसले तर ती लोकल नाही, एक्स्प्रेस आहे.

आडव्या रेघेनंतरचे आकडे पोटजात सांगतात. ई२३३ मध्ये साध्या अंकांच्या गाड्या चुओच्या, १००० च्या केइहिन-तोहोकुच्या, ५००० च्या केइयोच्या, ६००० च्या योकोहामा मार्गाच्या, ७००० च्या साइक्योच्या, ८००० च्या नाम्बुच्या. सुटे भाग बरेचसे तेच, पट्ट्याचा रंग आणि तपशील वेगळे.

मोटरची जोडी आणि बसायची जागा

राष्ट्रीय रेल्वेने मोटरकोच जोडीने बांधले. डब्याखाली जी यंत्रे लागतात, वेगाचे नियंत्रण, हवेचा कॉम्प्रेसर, दिव्यांसाठी वीज देणारे यंत्र, ती दोन डब्यांत वाटून टाकली. विषम नंबराच्या डब्यात काही, सम नंबराच्या डब्यात काही. म्हणून १०३ सिरीजच्या गाडीत मोहा १०३ आणि मोहा १०२ शेजारी शेजारी असत. आजच्या यामानोतेतही मोहा ई२३५ च्या शेजारी मोहा ई२३४ आहे. ‘माझा डबा २३४ म्हणतो, मग ही ई२३५ कशी’ असा प्रश्न पडतो तो इथे सुटतो.

यामानोतेची गाडी अकरा डब्यांची, सहा मोटरचे आणि पाच बिनमोटरचे. दुसरा-तिसरा, पाचवा-सहावा, आठवा-नववा या मोटरच्या जोड्या. पहिला, चौथा, सातवा, दहावा आणि अकरावा बिनमोटरचे. फोनवर बोलणे तिथे शिष्टसंमत नाही, पण शांतपणे काही ऐकायचे किंवा वाचायचे असेल तर चौथा किंवा सातवा डबा धरा, सुटताना पायाखालचा आवाज कमी येतो. चौथ्यात एसीचा गारवाही मुद्दाम सौम्य ठेवलेला असतो. जुलैमध्ये घामाघूम होऊन चढणाऱ्याने मात्र तो डबा टाळावा. मोटरची वीज नियंत्रित करणाऱ्या इन्व्हर्टरचा आवाजच ऐकायचा असेल तर जोडीतला कोणताही डबा घ्या आणि मध्यावर नाही, टोकाकडे, चाकांच्या वर उभे राहा.

चार पिढ्या

नंबर वाचता येऊ लागला की तो कोणत्या काळात बसवायचा हे कळले पाहिजे. सगळ्या सिरीज पाठ करायची गरज नाही.

१०३ ही मूळ पुरुष. १९६३ ते १९८४ या काळात ३,४४७ डबे बांधले गेले. पोलादी अंग, पूर्ण रंग, आणि वेग रोखण्यासाठी रेझिस्टर. म्हणजे जास्तीची वीज उष्णतेच्या रूपाने डब्याखाली उधळून द्यायची. टोकियोतून ती गेली, तरी ओसाका-कोबेच्या बाजूला बरीच वर्षे टिकली. कोबेच्या छोट्याशा वादामिसाकी फाट्यावरची निळी १०३ मार्च २०२३ मध्ये थांबली. पहिला केबिनचा डबा, कुहा १०३-१, क्योतोच्या रेल्वे संग्रहालयात पाहायला मिळतो.

तेल महागल्यावर वीज उधळणे परवडेना. १९७९ मध्ये नमुना म्हणून आलेल्या २०१ ने ब्रेक लावताना तयार होणारी वीज तारेत परत पाठवायला सुरुवात केली. ते यंत्र महाग पडले. १९८५ च्या २०५ ने तेच काम स्वस्तात केले आणि अंग हलक्या स्टेनलेस स्टीलचे केले. यामानोतेवर रंग संपूर्ण अंगावरून उतरून पट्ट्यात आला तो इथे. २०१ च्या बाकांची एक गंमत सांगतो. दोन दारांच्या मधला बाक सात जणांचा, पण लोक पाय पसरून सहाच बसत. म्हणून मधल्या आसनाचा रंग वेगळा केला, की आपोआप दोन्ही बाजूंना तीन-तीन माणसे बसावीत. पुढच्या पिढ्यांनी रंगावर विसंबणे सोडले आणि बाकात उभे खांबच लावून सातांचे दोन-तीन-दोन केले. तिसऱ्या सीटवर चौथा बसणाऱ्या मुंबईकराला हा प्रश्नच उलटा वाटेल.

२०५ चे पुढचे आयुष्य जपानबाहेर गेले. आठशेहून अधिक डबे जकार्ताला गेले. तिथे रुळांची रुंदी तीच, १०६७ मिलिमीटर, आणि वीजही तीच, १५०० व्होल्ट डीसी, त्यामुळे मोठे फेरफार न करता त्या धावू शकल्या. आपल्याकडच्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर हे जमणारे नव्हते. जपानमध्येच पाहायची असेल तर फुजी डोंगराच्या वाटेवर पाहा. कावागुचिकोला जाणाऱ्या फुजीक्यू रेल्वेची ६००० सिरीजची तीन डब्यांची गाडी म्हणजे सजवलेली २०५ आहे. पर्यटक खिडकीतून फुजी शोधत असतात, आणि बसलेले असतात एकेकाळच्या टोकियोच्या लोकलमध्ये.

माझ्या मते खरा सांधा १९९३ च्या २०९ मध्ये आहे. तिच्यामागचा विचार तीन शब्दजोड्यांत मांडला जातो: वजन निम्मे, किंमत निम्मी, आयुष्य निम्मे. तुलना १०३ शी होती. गाडी चाळीस वर्षे दुरुस्त करत राहण्यापेक्षा स्वस्त बांधायची, कमी वर्षे वापरायची आणि तंत्र बदलले की नवी आणायची. रेल्वेवाल्याच्या तोंडी हे शोभणारे वाक्य नव्हते आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. लोकांना आसने कडक वाटली. मोठ्या काचा बंदच ठेवल्या होत्या, पुढे त्यातल्या काही उघडता येतील अशा कराव्या लागल्या. पण इन्व्हर्टर, हलके अंग, कमी देखभाल ही आजच्या प्रत्येक टोकियो लोकलची घडण तिथूनच येते. केइहिन-तोहोकुवरून २०९ जानेवारी २०१० मध्ये गेली, म्हणजे निम्म्या आयुष्याचा हिशोब जवळपास पाळला गेला. आणि मग त्याच गाड्यांतल्या कितीतरी डब्यांत संडास बसवून, काही समोरासमोरची आसने टाकून, त्या चिबाच्या बोसो द्वीपकल्पावर पाठवल्या. तिथे त्यांनी दुसरा डाव मांडला. निम्मे आयुष्य घेऊन जन्मलेली गाडी पुरती म्हातारी होऊनही धावतच राहिली, याची मला गंमत वाटते.

ई२३१ ने २०९ चे खडबडीत कोपरे घासले. यामानोतेवर ती २००२ मध्ये आली तेव्हा दारांच्या वर टीव्हीसारखे पडदे होते. पुढचे स्टेशन, जिन्याची जागा, बातम्या, जाहिराती. आज हे कुठेही दिसते, तेव्हा नवल होते. २००६ च्या ई२३३ मध्ये महत्त्वाची यंत्रे दुहेरी बसवली, एक बिघडले तरी गाडी वाटेत अडकू नये म्हणून. चुओसारख्या मार्गावर सकाळी एक गाडी अडली की मागे रांग लागते, त्यामुळे हा बदल दिसत नाही पण जाणवतो. चुओच्या ई२३३ ला दाराशी बटण आहे. गाडी रेंगाळते तिथे दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावे लागते. दार उघडेल म्हणून शांतपणे उभे राहणारे परदेशी पाहुणे तिथे रोज दिसतात.

यामानोते जवळून

३४.५ किलोमीटरची वर्तुळाकार वाट, ३० स्टेशने, एक फेरा साधारण तासाचा. पूर्ण वर्तुळात गाड्या धावू लागल्या १ नोव्हेंबर १९२५ ला. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला मुंबईत व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली लोकल सुटली होती, आणि तीही १५०० व्होल्ट डीसीवरच.

ई२३५ पहिल्यांदा प्रवाशांना घेऊन निघाली ३० नोव्हेंबर २०१५ ला. त्याच दिवशी बिघाड झाले आणि गाडी काढून घ्यावी लागली. पुन्हा सेवेत आली मार्च २०१६ मध्ये. तोंडाची रचना ओकुयामा कियोयुकी या डिझायनरच्या सहभागाने झाली. चपटा काळा चौकोन आणि भोवती हिरवे ठिपके पाहून लोकांनी तिचे नाव मायक्रोवेव्ह ठेवले. पट्टा आडवा राहिला नाही, हिरवा रंग दारांवर उभा आला. कारण फलाटावरच्या दारांमागे आडवा पट्टा दिसलाच नसता. माणूस फलाटावरून फक्त वरचा अर्धा भाग पाहतो, तिथे रंग पोचला पाहिजे. समोरच्या दिव्यांच्या पाटीवर ऋतूप्रमाणे फुलांची चित्रे उमटतात, ती गाडी थांबल्यावर पाहून घ्या.

आता दहावा डबा. इथे थांबण्यासारखे काही आहे.

जुन्या यामानोतेत काही डब्यांना प्रत्येक बाजूला चारऐवजी सहा दारे होती. सकाळच्या गर्दीत त्यातली आसने दुमडून कुलूपबंद असत, सगळे उभेच. फलाटावर सरकती दारे बसवायची ठरली तेव्हा सहा दारांचा डबा जुळेना. म्हणून २०११ पर्यंत ते काढून चार दारांचे नवे डबे घातले. त्यातला दहाव्या जागेचा डबा खास होता. यामानोते आणि केइहिन-तोहोकु कित्येक किलोमीटर शेजारून धावतात, आणि दुरुस्तीच्या वेळी एकीच्या रुळावरून दुसरीची गाडी न्यावी लागते. केइहिन-तोहोकुची गाडी दहाच डब्यांची, म्हणजे तिचा दहावा डबा केबिनचा, आणि केबिनमुळे त्याचे टोकाचे दार थोडे आत. यामानोतेच्या दहाव्या डब्याचे दारही त्या मापाने आत घेतले.

हे डबे ई२३१ मध्ये लागले तेव्हा कोरे होते. काही वर्षांत ई२३५ आली. एवढे नवे डबे भंगारात कोण काढेल? त्यांना नव्या गाडीत घेतले, नंबर बदलून साहा ई२३५ केला, रेघेनंतर ४६०० ची मालिका ठेवली. ई२३५ च्या पन्नास रेकपैकी अठ्ठेचाळीस रेकमध्ये दहावा डबा असा आधीच्या गाडीतला आहे. उरलेल्या दोनसाठी नवे बांधले, त्यांना ५०० ची मालिका दिली.

हे स्वतः पाहायचे तर नवव्या डब्यात चढा, टोकाच्या पाटीवर बांधणीचे वर्ष वाचा, आणि दार ओलांडून दहाव्यात जा. वर्ष मागे जाते. मग दहाव्याच्या अकराव्याकडच्या टोकाला शेवटच्या दाराची जागा पाहा, नवव्याशी जुळत नाही. हाच सांधा इतर लोक रोज न पाहता ओलांडतात. गर्दीच्या वेळी हे करू नका, दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान डब्यातून चालता येते.

निशिकासाइकरांसाठी वेगळे

एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाइ भागात भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि त्यात मराठी घरेही बरीच आहेत. त्यांची रोजची गाडी जेआरची नाही, मेट्रोची तोझाइ लाइन. पण तिच्या रुळांवर जेआरचीही गाडी येते, ई२३१ ची ८०० मालिका. ती ओळखायच्या दोन खुणा. इतर ई२३१ चे अंग कमरेशी फुगलेले असते, रुंदी २,९५० मिलिमीटर. ही सरळ उभ्या भिंतींची, २,८०० ची, कारण भुयार अरुंद. आणि तोंडावर एका बाजूला दार असते, भुयारात गाडी अडकली तर समोरून उतरता यावे म्हणून.

मेट्रोच्या स्वतःच्या गाड्यांत २०१० ची १५००० सिरीज शोधा. तिची दारे १.८ मीटर रुंद आहेत, नेहमीची १.३ मीटर असतात. किबा ते मोंझेन-नाकाचो हा टप्पा साथीच्या आधीच्या वर्षांत क्षमतेच्या दोनशे टक्क्यांच्या आसपास भरत असे, आणि रुंद दार हा त्यावरचा उपाय होता. लोक लवकर चढले-उतरले तर गाडी वेळेत सुटते. सकाळी मुलाला शाळेत पोचवायचे असेल तर ही गाडी आलेली बरी.

पाहायला उभे राहायचे कुठे

निप्पोरी स्टेशनच्या उत्तर बाजूला शिमो-गोइंदेन नावाचा पूल आहे. त्यावर गाड्या पाहण्यासाठी मुद्दाम बांधलेली गच्ची आहे आणि खाली रुळांच्या चौदा ओळी. यामानोते, केइहिन-तोहोकु, जोबान, केइसेइ आणि शिंकान्सेन (बुलेट ट्रेन), सगळे एकाच जागेवरून. लहान मुले असतील तर अर्धा तास सहज निघतो. कोमागोमे आणि ताबाताच्या मध्ये यामानोतेवरचे एकमेव उरलेले फाटक आहे. तेही कायमचे बंद करायचे ठरलेले आहे, म्हणून आधी जाऊन या. जुन्या गाड्या पाहायच्या तर ओमियाचे रेल्वे संग्रहालय. तिथे १०१ सिरीजचा डबा आहे. १९५७ ची ही १०१ म्हणजे १०३ ची पूर्वज.

फलाटावर फोटो काढताना पिवळ्या उंचवट्यांच्या पट्टीच्या आत राहायचे, फ्लॅश बंद, स्टँड आणि सेल्फीस्टिक नाही. फ्लॅशने मोटरमनचे डोळे दिपतात, त्यामुळे याबाबतीत कोणी गय करत नाही. फक्त फलाटावर जायचे असेल तर प्लॅटफॉर्म तिकीट मिळते, पण ते दोन तासांचे, आणि त्यावर गाडीत चढता येत नाही.

किमान भाड्यात चार गाड्या

टोकियोच्या उपनगरी विभागात जेआरचे भाडे तुम्ही कोणत्याही वाटेने गेलात तरी सर्वांत जवळच्या वाटेचे धरले जाते. अटी: एकच स्टेशन दोनदा ओलांडायचे नाही, आलेल्या वाटेने परत फिरायचे नाही, मध्ये बाहेर पडायचे नाही, त्याच दिवशी संपवायचे, शिंकान्सेन आणि मेट्रो वर्ज्य. गाड्यांचे शौकीन याचा पुरेपूर फायदा घेतात, आणि ते पूर्ण कायदेशीर आहे.

कान्दाहून अकिहाबाराचे कागदी तिकीट काढा. पुढचेच स्टेशन, भाडे किमान. पण अकिहाबाराच्या उलट दिशेने निघा. कान्दाहून चुओची जलद गाडी, ई२३३, शिंजुकुवरून निशि-कोकुबुंजीपर्यंत. तिथे मुसाशिनो लाइन घ्या. हिच्यावर आठ डब्यांच्या ई२३१ आणि २०९ ची ५०० मालिका अशा दोन्ही येतात, म्हणून २०९ येईपर्यंत एखादी गाडी सोडून द्या. मिनामि-उरावाला उतरून केइहिन-तोहोकुची ई२३३, दक्षिणेकडे जाणारी. ताबाताला समोरच्याच फलाटावर यामानोते लागते, जिना चढावा लागत नाही. तिथून अकिहाबारा. गाडीतच दीड-दोन तास जातात, संडास स्टेशनात गेटच्या आत असतात, आणि बऱ्याच स्टेशनांत खायलाही आतच मिळते.

वाटेत, मिनामि-उरावाच्या आधी, मुसाशि-उरावाला साइक्यो लाइन समोर दिसेल आणि मोह होईल. तो आवरा. साइक्यो तुम्हाला शिंजुकुला घेऊन जाते, आणि शिंजुकु तुम्ही सकाळीच ओलांडले आहे. वाट स्वतःला छेदली की सवलत संपली, पूर्ण भाडे भरावे लागते.

कार्डावरही हिशोब तोच होतो, पण आत फार वेळ काढला की गेट कधी कधी उघडत नाही. कागदी तिकीटही अकिहाबाराला यंत्राने नाकारले तर घाबरू नका. कडेच्या खिडकीत जा, तिकीट द्या आणि वाट सांगा: कान्दा, निशि-कोकुबुंजी, मिनामि-उरावा, ताबाता. चार नावे एका चिठ्ठीवर जपानीत लिहून घेतलेली असली तर बोलायचीही गरज पडत नाही.